पोचपावतीपासून आयोगापर्यंत: लोकसेवा हक्क कायदा प्रत्यक्षात कसा वापरावा

सरकारी कार्यालयात खेटे घालून थकलेल्या माणसाची तक्रार बहुधा एवढीच असते की कितीतरी दिवस झाले तरी काम होत नाही. हे 'कितीतरी दिवस' नेमके किती, याचे कागदावरचे उत्तर मात्र त्याच्यापाशी नसते. अर्ज कोणत्या तारखेला दिला, तो कोणी स्वीकारला, त्यात काय उणे आहे हे कोणी आणि केव्हा सांगितले, यांपैकी कशाचीच नोंद नसल्यामुळे कार्यालयाच्या दप्तराप्रमाणे दिरंगाई झालेलीच नसते आणि साहेबांपुढे उभे राहिल्यावर अर्जदाराच्या हातात केवळ संताप उरतो. महाराष्ट्रात दिरंगाईविरुद्ध नागरिकाला उपयोगी पडणारे कायदे दिवस मोजतात, आणि मोजणी सुरू व्हायला एक तारीख लागते. ती तारीख मिळवणे, ती सांभाळणे आणि ती उलटल्यावर न भांडता पुढचा कागद दाखल करणे, अशी या लेखात सांगितलेली पद्धत आहे. ती उत्पन्नाच्या दाखल्याला जशी लागू पडते तशीच नळजोडणीला, मालमत्तेच्या हस्तांतरण नोंदीला किंवा जन्माच्या दाखल्यालाही पडते.

कायद्याचा सांगाडा

मुख्य आधार आहे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. तो २८ एप्रिल २०१५ पासून अमलात आला. अशा स्वरूपाचा कायदा देशात सर्वप्रथम मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला होता आणि त्यानंतर अनेक राज्यांनी तो मार्ग धरला. कायद्याचे सार साधे आहे. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने, म्हणजे शासकीय विभाग, महामंडळे, महानगरपालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती इत्यादींनी, आपण कोणत्या सेवा देतो, प्रत्येक सेवा किती दिवसांत देतो, ती देण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर आहे आणि ती न मिळाल्यास अपील कोणाकडे करायचे, हे अधिसूचनेद्वारे जाहीर करायचे असते. जबाबदार अधिकाऱ्याला कायद्याच्या भाषेत पदनिर्देशित अधिकारी म्हणतात आणि ठरलेल्या दिवसांना नियत कालमर्यादा. या दोन संज्ञा अर्जात जशाच्या तशा वापराव्यात, कारण त्या वाचल्यावर समोरच्याला अर्जदार कोणत्या कायद्याबद्दल बोलतो आहे हे स्पष्ट होते.

एक मर्यादा सुरुवातीलाच लक्षात ठेवावी. सेवेचा हक्क कायदेशीर, तांत्रिक आणि आर्थिक व्यवहार्यतेच्या अधीन आहे. ज्या वस्तीत जलवाहिनीच गेलेली नाही तेथे नळजोडणी ठरलेल्या दिवसांत मिळेल अशी हमी हा कायदा देत नाही. त्यासाठीचा मार्ग ग्रामसभा आणि अंदाजपत्रक यांतून जातो.

सेवा कोणती आणि अधिकारी कोण, हे आधी लिहून घ्यावे

अर्ज करण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात: सेवेचे अधिसूचनेतील नेमके नाव, नियत कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकाऱ्याचे पदनाम, आणि प्रथम व द्वितीय अपील प्राधिकाऱ्यांची पदनामे. ही माहिती कार्यालयाच्या दर्शनी भागातील फलकावर असणे बंधनकारक आहे, आणि ती 'आपले सरकार' पोर्टलवर तसेच 'आरटीएस महाराष्ट्र' या मोबाईल अ‍ॅपवरही पाहता येते. फलक दिसला की त्याचे मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे. फलक नसेल किंवा कपाटामागे गेला असेल, तर ती बाबही कायद्याचा भंगच आहे आणि पुढे अपिलात एका वाक्यात नमूद करण्यासारखी आहे.

सेवेच्या नेमक्या नावाबद्दल काटेकोर राहावे. गावाकडे 'रहिवासी दाखला' आणि 'डोमिसाईल' हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, परंतु ग्रामपंचायतीने दिलेला रहिवासी दाखला आणि महसूल यंत्रणेने दिलेले वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र हे दोन स्वतंत्र दस्तऐवज आहेत. महाविद्यालयाने दुसरा मागितला असताना पहिल्यासाठी अर्ज करणारे विद्यार्थी दर वर्षी दिसतात, आणि त्यांचे वाया गेलेले दिवस कोणताही कायदा भरून देत नाही. ज्या संस्थेला दाखला द्यायचा आहे तिच्या माहितीपत्रकातील नाव पाहून मगच अर्ज करावा.

अर्ज परिपूर्ण करणे, म्हणजे निम्मे काम

हा टप्पा सर्वांत जास्त वेळ देण्यासारखा आहे. नियत कालमर्यादा मोजली जाते ती सर्व बाबतींत परिपूर्ण असलेला अर्ज पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे पोचल्याच्या दिवसापासून. एखादे कागदपत्र कमी असेल तर अर्ज 'त्रुटी' असा शेरा मारून परत येतो आणि पूर्ततेनंतर दिवस नव्याने मोजले जातात. त्रुटी काढणे हा कधी प्रामाणिक तपासणीचा भाग असतो आणि कधी वेळ काढण्याचा. परंतु अर्ज खरोखरच अपूर्ण असेल तर या दोहोंतला फरक सिद्ध करता येत नाही.

बहुतांश त्रुटी नावांच्या असतात. आधारकार्डावर एक नाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, सातबाऱ्यावर वडिलांचे आडनावाशिवाय नुसतेच नाव, लग्नानंतर बदललेले नाव, अशी सरमिसळ जवळपास प्रत्येक घरात असते. सर्व कागदपत्रे टेबलावर शेजारी मांडून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरशः जुळते का हे पाहावे. जुळत नसेल तर आधी दुरुस्ती करावी, आणि दुरुस्ती शक्य नसेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे स्वयंघोषणापत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत सोबत जोडावी.

जातीच्या दाखल्यासाठी प्रश्न अधिक खोल जातो, कारण तेथे आजचा पुरावा पुरत नाही. कुटुंबाचा त्या ठिकाणचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मानीव दिनांकापूर्वीचा, म्हणजे त्या प्रवर्गासाठी ठरवून दिलेल्या तारखेपूर्वीचा लागतो. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. आजोबा किंवा पणजोबांच्या शाळेचा प्रवेश नोंदवहीतील उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदीचा गाव नमुना क्रमांक १४ म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले कोतवाल बुक, जुने महसुली उतारे, या ठिकाणी शोध घ्यावा लागतो. हा शोध महिनोन्‌महिने चालू शकतो, म्हणून मुलगा किंवा मुलगी दहावीत जाताच तो सुरू करावा. वडिलांना किंवा सख्ख्या चुलत्यांना आधीच दाखला आणि वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर त्याची प्रत आणि सुस्पष्ट वंशावळ जोडल्यास काम बरेच सुकर होते.

प्रतिज्ञापत्र आणि साक्षांकन यांबाबत अजूनही अनेक ठिकाणी जुनी सवय चालू आहे. राज्य शासनाने ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने, जेथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र आवश्यक केलेले नाही तेथे स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकित प्रती स्वीकाराव्यात असे ठरवले आहे. राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मिळवण्यासाठी वणवण करण्याची म्हणूनच सहसा गरज नाही. प्रत्येक छायांकित प्रतीवर 'मूळ प्रतीवरून सत्यप्रत' असे लिहून सही केली की पुरते. जात, उत्पन्न, अधिवास अशा प्रमाणपत्रांसाठी शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्याने २००४ मध्येच माफ केलेले आहे, तरीही स्टँपपेपर विकत घ्यायला लावणारे टेबल सापडतेच. तेथे वाद न घालता, कोणत्या नियमाने स्टँपपेपर लागतो ते लिहून द्यावे अशी विनंती करावी. लिहून देण्याची वेळ आली की मागणी बहुधा मागे घेतली जाते. स्वयंघोषणापत्रात खोटे लिहिल्यास फौजदारी कारवाई होऊ शकते, हेही घरातील सर्वांना समजावून सांगावे.

पोच मिळाल्याशिवाय कार्यालय सोडू नये

अर्ज दाखल केल्यावर अर्जदाराला पोच देणे कायद्याने आवश्यक आहे आणि तिच्यावर दिनांक, ठिकाण व अर्जाचा स्वतंत्र क्रमांक असावा लागतो. आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा महा ई-सेवा केंद्रातून अर्ज भरताना दोन गोष्टींवर नजर ठेवावी. पहिली, अर्जात नोंदवलेला मोबाईल क्रमांक अर्जदाराचाच असावा. घाईत केंद्रचालकाचा क्रमांक टाकला जातो आणि मग त्रुटीचा संदेश अर्जदारापर्यंत कधी पोचतच नाही. दुसरी, दिलेल्या पैशांची छापील पावती घ्यावी आणि केंद्रात लावलेल्या दरपत्रकाशी ती ताडून पाहावी. दरपत्रक लावलेले नसेल तर ते मागावे. संगणकाची थोडीफार सवय असलेल्याने पोर्टलवर स्वतःचे खाते उघडून अर्ज भरणे उत्तम, कारण अर्जाची स्थिती, त्रुटी आणि पुढे अपील या सर्व बाबी त्याच खात्यात दिसतात.

कागदी अर्ज असेल तर तो दोन प्रतींत न्यावा. एक प्रत आवक-जावक शाखेत द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, दिनांकाचा शिक्का व स्वीकारणाऱ्याची सही घ्यावी. 'ठेवून जा, साहेब आले की बघतील' या वाक्याला अर्ज दाखल झाला असे समजू नये. ठेवून दिलेला कागद आणि दाखल झालेला अर्ज यांत कायद्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. स्वीकारायला नकार मिळाल्यास तोच अर्ज पोच परत येईल अशा टपालाने पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या पदनामाने पाठवावा आणि टपालाची पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी. अधिकाऱ्याच्या नावाने कधीही पाठवू नये. बदली झाली की पाकीट त्याच्यामागे फिरते किंवा टपाल शाखेत पडून राहते.

मधले दिवस

पोच हाती आल्यावर तिच्यावरच पेन्सिलीने शेवटची तारीख लिहून ठेवावी. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवसांची मर्यादा असेल तर सोळाव्या दिवसापासून अपिलाचा हक्क सुरू होतो. काही सेवांच्या मुदती शासन वेळोवेळी बदलते आणि निवडणुका किंवा नैसर्गिक आपत्तीच्या काळात त्या वाढवण्याची मुभा कायद्यात आहे, म्हणून ऐकीव आकड्यावर विसंबू नये.

या काळात रोज फेऱ्या मारण्यात काही अर्थ नाही. मुदत अर्धी सरली की एकदा पोर्टलवर स्थिती पाहावी, आणि अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते कळल्यावर त्या लिपिकाला शांतपणे विचारावे की काही कमी आहे का. हा प्रश्न तक्रारीच्या सुरात विचारू नये. एका सजाचा, म्हणजे त्याच्याकडे नेमून दिलेल्या गावांचा, ग्राम महसूल अधिकारी, म्हणजे कालपरवापर्यंतचा तलाठी, रिक्त पदांमुळे अनेकदा शेजारच्या सजाचाही भार वाहत असतो, आणि पीक पाहणी, पंचनामे, निवडणूक कामे या सगळ्यांच्या मुदती त्याच्याही डोक्यावर असतात. त्याच्याशी गोडीने बोलल्याने हक्क कमी होत नाही. तोंडी त्रुटी सांगितली गेली तर ती टिपून घ्यावी, दोनचार दिवसांत पूर्तता करावी आणि पूर्ततेच्या पत्राचीही पोच घ्यावी. 'सर्व्हर बंद आहे' हे उत्तर मिळाल्यास तारीख आणि वेळ वहीत लिहावी. त्याच दिवशी शेजारच्या केंद्रात सर्व्हर चालू असल्याचे आढळणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

अर्ज नाकारला गेला तर नकार लेखी आणि कारणांसह असला पाहिजे. त्यासोबतच अपील किती दिवसांत आणि कोणाकडे करायचे हेही अधिकाऱ्याने कळवायचे असते. 'तुमचे होत नाही' असे तोंडी सांगणे हा नकार नव्हे, त्या अवस्थेत मुदत चालूच राहते.

मुदत उलटल्यावर पहिले अपील

अपील या शब्दाने माणसे उगाच बिचकतात. येथे वकील लागत नाही, कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. त्याच यंत्रणेतील, पदनिर्देशित अधिकाऱ्याहून वरिष्ठ अशा अधिकाऱ्याकडे एका पानाचा अर्ज करायचा असतो. नियत कालमर्यादा संपल्यापासून किंवा नकाराचा आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत तो करावा. सबळ कारण असल्यास प्रथम अपील प्राधिकारी जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत उशीर माफ करू शकतो, परंतु त्या सवलतीवर कधीही भिस्त ठेवू नये. पोर्टलवरून केलेल्या अर्जाचे अपील पोर्टलवरूनच दाखल करता येते. कागदावर करायचे असल्यास मजकूर पुढीलप्रमाणे ठेवता येईल.

"प्रति, प्रथम अपील प्राधिकारी, (पदनाम व कार्यालय). विषय: महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५, कलम ९ अन्वये प्रथम अपील. मी दिनांक ……… रोजी ……… या सेवेसाठी अर्ज क्रमांक ……… अन्वये परिपूर्ण अर्ज सादर केला असून त्याची पोच सोबत जोडली आहे. अधिसूचनेनुसार या सेवेची नियत कालमर्यादा ……… दिवस असून ती दिनांक ……… रोजी संपली आहे. आजपर्यंत सेवा मिळालेली नाही, तसेच अर्ज नाकारल्याचे अथवा त्यात त्रुटी असल्याचे मला लेखी कळवलेले नाही. तरी पदनिर्देशित अधिकाऱ्यांस ही सेवा तत्काळ देण्याचे निर्देश द्यावेत आणि विलंबास पुरेसे व वाजवी कारण नसल्यास कलम १० अन्वये कार्यवाही करावी, ही विनंती."

यापेक्षा अधिक लिहिण्याचा मोह टाळावा. कोण कसे बोलले, किती वेळा परत पाठवले, साहेबांचे कोणाशी कसे संबंध आहेत, हे सारे खरे असले तरी अपिलाचा निकाल तारखांवर लागतो. वर्णनाची पाने वाढली की तारखा त्यात हरवतात. सोबत अर्जाची प्रत, पोच, फलकाचे छायाचित्र किंवा पोर्टलवरील मुदतीचे पान आणि पूर्तता केली असल्यास तिची पोच एवढे जोडावे.

प्रथम अपील प्राधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. प्रत्यक्षात अपील दाखल झाल्याची नोटीस खाली पोचताच दाखला तयार होणे हा नेहमीचा अनुभव आहे. त्यानंतर अपील मागे घ्यायचे की विलंबाबाबत आदेश मागायचा हे अर्जदाराने ठरवावे. पहिल्याच वेळी उशीर झाला असेल आणि कारण पटण्याजोगे असेल तर ताणून धरू नये, मात्र त्याच टेबलावर तसेच वारंवार घडत असेल तर आदेश घ्यावाच.

दुसरे अपील, दंड आणि आयोग

पहिल्या अपिलाचा आदेश मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत, आणि आदेशच आला नाही तर पहिले अपील दाखल केल्यापासून ४५ दिवस उलटल्यावर, द्वितीय अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. त्याला निर्णयासाठी ४५ दिवस असतात. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिले अपील वारंवार वेळेत न ऐकणाऱ्या किंवा चुकार अधिकाऱ्याला पाठीशी घालणाऱ्या प्रथम अपील प्राधिकाऱ्यालाही तसाच दंड लागू होतो. दंडाचा हा पैसा अर्जदाराला भरपाई म्हणून मिळत नाही, हे आधीच समजून असावे. रक्कम मोठी नसली तरी शास्तीची नोंद अधिकाऱ्याला जिव्हारी लागते, आणि कायद्याचा खरा दाब तिथेच आहे.

शेवटचे अपील महाराष्ट्र राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे, द्वितीय अपिलाचा आदेश मिळाल्यापासून ६० दिवसांत करायचे असते आणि आयोगाने ते ९० दिवसांत निकाली काढायचे असते. मुंबई शहर व उपनगर जिल्ह्यांसाठी राज्य मुख्य सेवा हक्क आयुक्त आणि अन्य प्रत्येक महसुली विभागासाठी एक आयुक्त अशी रचना आहे. आयोग स्वतःहूनही दखल घेऊ शकतो. त्यामुळे एखाद्या कार्यालयात एकाच सेवेचे अनेक अर्ज रखडत असतील तर सर्वांच्या पोचांच्या प्रती जोडून आयोगाला पत्र लिहिणे वैयक्तिक अपिलांपेक्षा प्रभावी ठरू शकते.

सेवा अधिसूचित नसेल तर

सगळीच कामे सेवांच्या यादीत नसतात. एखाद्या निवेदनावर निर्णय हवा आहे, अनुदानाची फाईल अडली आहे, अतिक्रमणाच्या तक्रारीला उत्तर नाही, अशा वेळी २००५ चा एक कायदा हाताशी असतो. त्याचे नाव शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध असे लांबलचक आहे, म्हणून लोक त्याला दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. तो १ जुलै २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १० नुसार कोणतीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक पडून राहू नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणाचा निर्णय ४५ दिवसांत व्हावा आणि दुसऱ्या विभागाचा सल्ला लागणार असेल तर तीन महिन्यांत व्हावा. 'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण ज्या राज्यात रुजली तिथे हा कायदा आहे, हे कित्येक सरकारी कर्मचाऱ्यांनाही आठवण करून द्यावे लागते. स्मरणपत्रात कलमाचा उल्लेख करून, फाईल सध्या कोणाकडे आणि कोणत्या तारखेपासून आहे हे कळवण्याची विनंती करावी.

वैयक्तिक गाऱ्हाण्यासाठी लोकशाही दिनाचाही, म्हणजे अधिकाऱ्यांपुढे थेट गाऱ्हाणे मांडण्याच्या ठरलेल्या दिवसाचाही, मार्ग आहे. तो तालुका पातळीवर दर महिन्याला आणि जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी भरतो. अर्ज विहित नमुन्यात आणि पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. न्यायालयातील प्रकरणे व सरकारी कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या सेवाविषयक तक्रारी तेथे घेतल्या जात नाहीत.

माहिती अधिकाराची जोड

माहिती अधिकाराचा अर्ज दाखला मिळवून देत नाही, परंतु दाखला कुठे अडला हे उघड करतो. महाराष्ट्रात त्यासाठी १० रुपये शुल्क लागते, ते कोर्ट फी स्टँप लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवावा. 'काम का झाले नाही' असा प्रश्न विचारू नये, कारण कारणमीमांसा ही अभिलेखात नसेल तर 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर येते. त्याऐवजी, अमुक क्रमांकाच्या अर्जावर दिनांकनिहाय झालेली कार्यवाही, तो कोणत्या पदनामाच्या कर्मचाऱ्याकडे केव्हापासून केव्हापर्यंत होता याची नोंद, आणि त्यावरील टिपणीची प्रत मागावी. उत्तरासाठी ३० दिवस असतात, न आल्यास ३० दिवसांत पहिले अपील आणि पुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते. मात्र सेवा हक्काचे अपील थांबवून माहितीची वाट पाहत बसू नये. दोन्ही मुदती स्वतंत्रपणे धावतात.

पैसे मागितले तर

लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, परंतु बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत पोलिसांना अथवा तपास यंत्रणेला कळवले तर त्याला संरक्षण मिळते. तक्रार देण्याआधी गावभर बोलू नये, सापळा फसतो.

गावाने किंवा वस्तीने मिळून करायचे काम

वरची सगळी पद्धत एकट्याने वापरता येते, परंतु एकटा माणूस आपले काम झाले की थांबतो आणि कार्यालयाची सवय तशीच राहते. चारपाच शिकलेली मुले, एखादे निवृत्त शिक्षक किंवा लिपिक, आणि बचत गटातील एकदोन ताई असा छोटा गट आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात किंवा समाजमंदिरात बसला तरी बरेच साधते. त्यांनी अर्ज स्वतः भरून द्यायचे नसून कागदपत्रे तपासून द्यायची, पोच वाचून दाखवायची आणि शेवटची तारीख नोंदवायची. निवृत्त लिपिकाची मदत विशेष मोलाची ठरते. कोणता कागद कोणत्या टेबलावर अडतो हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि त्याच्या शब्दाला कार्यालयात अजून थोडा मान असतो.

दोन नियम पहिल्या दिवसापासून पाळावेत. कोणाकडूनही, अगदी चहापाण्यासाठीही, पैसे घेऊ नयेत, नाहीतर गावात आणखी एक एजंट तयार होतो. आणि आधारकार्ड, जातीचे पुरावे, बँक पासबुक यांच्या प्रती गटाने जवळ ठेवू नयेत, व्हॉट्सअ‍ॅप समूहावर तर मुळीच मागवू नयेत. नोंदवहीत अर्जदाराचे नाव, सेवा, अर्ज क्रमांक, पोचेची तारीख, मुदतीची तारीख आणि सेवा मिळाल्याची तारीख एवढे पुरेसे आहे. वेळापत्रकही हुशारीने आखावे. दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर सगळा तालुका एकाच आठवड्यात दाखल्यांसाठी धावतो, म्हणून जातीच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांचे अर्ज हिवाळ्यातच द्यावेत. महसूल विभागाच्या महाराजस्व अभियानाचे शिबिर जवळ भरणार असेल तर त्याआधी गावातील अर्ज तपासून एकत्र न्यावेत.

ग्रामसभा हे याच कामाचे अधिकृत व्यासपीठ आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. ग्रामपंचायतीच्या सेवांचा फलक मोठ्या अक्षरांत लावावा, प्रत्येक ग्रामसभेपुढे मागील तीन महिन्यांतील अर्ज, मुदतीत दिलेल्या सेवा आणि प्रलंबित सेवा यांचा तक्ता ठेवावा, असे ठराव मांडून इतिवृत्तात घेतले जातील याची खातरजमा करावी. नियमित ग्रामसभेपूर्वी होणाऱ्या महिलांच्या सभेतही हा विषय घ्यावा, कारण निराधार योजनेचे, विधवा निवृत्तिवेतनाचे आणि शिधापत्रिकेचे अर्ज बहुधा स्त्रियांच्याच नावाने अडलेले असतात.

नोंदवहीतील शेवटचा रकाना, म्हणजे सेवा प्रत्यक्ष मिळाल्याची तारीख, गटाकडून सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो. दाखला हाती आला की माणूस परत सांगायला येत नाही. म्हणून गटातील एकाने दर महिन्याला फोन करून तो रकाना भरून घ्यावा, वेळेत दिलेल्या सेवाही त्यात तितक्याच काटेकोरपणे लिहाव्यात, आणि सहा महिन्यांनी सेवानिहाय सरासरी दिवस काढून तो तक्ता व्यक्तींची नावे वगळून तहसीलदारांना व गटविकास अधिकाऱ्यांना पोच घेऊन द्यावा. चांगल्या टेबलाचा आणि अडणाऱ्या टेबलाचा फरक एका पानावर दिसला की बैठकीत चर्चा कोणत्या टेबलाची होईल हे वेगळे सांगावे लागत नाही, आणि त्या पानावरच्या पोचेवर पुढच्या बैठकीची तारीख लिहून घेता येते.